आरपीजीची गोडी कशात असते? ‘अजून काय घालू?’ या प्रश्नाला एक उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षे सुट्ट्यांचे दिवस खर्चून तुम्ही एकट्याने मराठीत एक लहानसा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो असा गेम (थोडक्यात आरपीजी), तयार केला आहे. त्यात पात्राची ताकद वाढण्याच्या ५० पायऱ्या, म्हणजे लेव्हल, आहेत, १४० शस्त्रे आहेत, ३६ साइड क्वेस्ट (मुख्य कथेबाहेरच्या छोट्या कामगिऱ्या) आहेत, नकाशा मोठा आहे आणि कथाही शेवटपर्यंत लिहून झाली आहे. तरीही ज्या मित्रांना तो खेळायला दिला, त्यांनी ‘भारी आहे’ असे म्हणून पाऊण तासाच्या आत तो बाजूला ठेवला. आता तुम्ही विचारता की आरपीजी खेळणाऱ्याला मजा नेमकी कशामुळे येते, आणि त्यासाठी गेममध्ये अजून काय घालावे.

प्रश्नाचा दुसरा भाग मी तूर्त बाजूला ठेवतो, कारण तुमच्या गेममध्ये काही कमी आहे असे तुमच्या वर्णनावरून मला वाटत नाही. मी गेली सोळा वर्षे पुण्यात गेम डिझाइनचे काम करतो आणि त्यातला बहुतेक काळ क्वेस्ट लिहिण्यात आणि आकड्यांचा तोल सांभाळण्यात गेला आहे. शिवाय दर शनिवारी रात्री पाच-सहा मित्रांसाठी टेबलावर फासे टाकून खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ चालवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला हा खेळ म्हणजे आजच्या आरपीजींचा मूळपुरुष. टेबलावर आणि पडद्यावर, दोन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: आपण जे केले त्याची या जगाने दखल घेतली, असे खेळणाऱ्याला वाटले की तो थांबतो, आणि आपण असलो काय, नसलो काय, जगाला फरक पडत नाही असे वाटले की तो उठतो. बाकीच्या सगळ्या गोष्टी, म्हणजे लेव्हल, शस्त्रे, फासे, संवाद, कथेचे फाटे, ही दखल घेण्याची साधने आहेत.

आधी एक कबुली. मजा कशात येते हे माणसागणिक बदलते, आणि जो कोणी एकच सूत्र सांगेल त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका. रिचर्ड बार्टल यांनी १९९६ साली मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांतले खेळाडू पाहून त्यांचे चार स्वभाव मांडले होते: काहीतरी मिळवणारे, शोध घेणारे, माणसे जोडणारे आणि दुसऱ्यावर कुरघोडी करणारे. ती विभागणी आज जशीच्या तशी लागू होत नसली तरी तिचा गाभा खरा आहे, कारण माझ्या शनिवारच्या टेबलावर बसणाऱ्यांपैकी एकाला फक्त तलवारीचा आकडा वाढवायचा असतो आणि दुसरा प्रत्येक भटारखान्यात शिरून आज काय शिजते आहे हे विचारतो. वेळेचाही प्रश्न असतो. दहावीची परीक्षा संपलेला मुलगा आणि मुलांना झोपवून रात्री साडेदहाला चाळीस मिनिटे खेळणारी नोकरदार बाई यांना एकच गेम एकाच कारणासाठी आवडणार नाही. म्हणून ‘दखल’ हा शब्द मी मुद्दाम सैल ठेवला आहे. आकडा वाढवणाऱ्याची दखल आकड्यातून घ्यावी लागते आणि भटारखान्यात शिरणाऱ्याची आचाऱ्याच्या तोंडून.

आता मी नेहमी देतो ते उदाहरण. ‘क्रोनो ट्रिगर’ हा जपानी आरपीजी १९९५ साली आला. त्याच्या सुरुवातीला एक जत्रा आहे. जत्रेत नायकाची एका मुलीशी टक्कर होते आणि तिच्या गळ्यातले लॉकेट खाली पडते. खेळणारा आधी मुलीची विचारपूस करू शकतो किंवा आधी लॉकेट उचलू शकतो. एका टेबलावर दुसऱ्या कोणाचा तरी जेवणाचा डबा ठेवलेला असतो आणि बटण दाबले तर नायक तो खाऊन टाकतो, कारण आरपीजीत दिसेल त्या वस्तूवर बटण दाबायचे ही सगळ्यांची सवय असते. एका लहान मुलीचे मांजर हरवलेले असते. लॉकेटवाली मुलगी गोळ्या-चॉकलेटांच्या दुकानापाशी रेंगाळते, तेव्हा तिच्यासाठी थांबायचे की तिला पुढे ढकलायचे हेही खेळणाऱ्याच्या हाती असते. यातल्या कोणत्याही क्षणी पडद्यावर ‘निवड करा’ असे काही येत नाही.

काही तासांनी त्याच नायकावर राजकन्येला पळवल्याचा खटला उभा राहतो, आणि सात पंचांसमोर साक्षीदार येऊ लागतात. याने माझा डबा खाल्ला. याने माझे मांजर शोधून दिले. टक्कर झाली तेव्हा याचे लक्ष मुलीकडे होते की तिच्या लॉकेटकडे, हे विचारले जाते. तो खटला पाहून मान खाली घातली नाही असा खेळाडू मला अजून भेटायचा आहे. आणि गंमत अशी की पंचांचा कौल कोणत्याही बाजूने लागला तरी नायकाची रवानगी तुरुंगातच होते. कथा तसूभरही हलत नाही. हलतो तो फक्त खेळणारा, कारण जत्रेत कोणी पाहत नाही असे समजून तो जे वागला ते कोणीतरी पाहत होते हे त्याला कळते.

प्रोग्रामिंगच्या भाषेत बोलायचे तर या सगळ्याचा खर्च म्हणजे ‘हो किंवा नाही’ अशा पाच-सहा खुणा जपून ठेवणे आणि नंतर त्या वाचणे, एवढाच आहे. तुमच्या १४० शस्त्रांपैकी दहा शस्त्रांची चित्रे काढायला याहून जास्त वेळ लागला असेल.

माझ्या स्वतःच्या कामातला एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका गेमसाठी बाजारपेठेचे गाव बनवत होतो. रिवाजाप्रमाणे खेळणाऱ्याला कोणाच्याही घरात शिरून पेट्या-कपाटे उघडता येत होती. याच गेममध्ये कथेच्या शेवटाला चार वेगवेगळे फाटे फुटत होते आणि त्यांच्यावर आमचे चार महिने गेले होते. त्याच दरम्यान आमच्या एका नव्या सहकाऱ्याने दोन दिवसांत एक बारीकशी गोष्ट घातली: खेळणाऱ्याने तीनपेक्षा जास्त घरांतल्या पेट्या उघडल्या असतील, तर तो किराणा दुकानात शिरताच दुकानदार गल्ला हळूच स्वतःकडे ओढून घेतो. संवाद नाही, दंड नाही, पोलीस नाही, फक्त तेवढी हालचाल. प्लेटेस्टला, म्हणजे अर्धवट गेम खेळून पाहायला, आलेली मुले तो गल्ला सरकताना पाहून हसत होती, शेजारच्याला बोलावून दाखवत होती, आणि त्यांच्यापैकी एकाने तर परत जाऊन एका घरातली वस्तू पुन्हा जागेवर ठेवता येते का हे तपासले. तशी सोय आम्ही केलीच नव्हती. ती त्या रात्री केली. शेवटच्या चार फाट्यांबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढले नाही, कारण तिथपर्यंत पोहोचलेले फार थोडे होते आणि जे पोहोचले त्यांना इतर तीन फाटे आहेत हेच ठाऊक नव्हते.

तुम्ही मराठीत गेम लिहिता आहात, तेव्हा दखल घेण्याचे एक साधन तुमच्या हातात आयते आहे आणि ते इंग्रजीत लिहिणाऱ्या माझ्या निम्म्या सहकाऱ्यांकडे नाही. इंग्रजी गेममध्ये गावात तुमची पत किती वाढली हे दाखवायला बहुधा एखादी पट्टी किंवा आकडा लागतो. मराठीत ते काम सर्वनाम आणि क्रियापद करतात. पहिल्या भेटीत ‘कोण रं तू? हिकडं काय काम?’ असे विचारणारा पाटील, तुम्ही विहिरीचा प्रश्न सोडवून परत आल्यावर ‘या पाव्हणं, बसा’ म्हणाला, की खेळणाऱ्याला काय घडले ते कळते. पडद्याच्या कोपऱ्यात ‘प्रतिष्ठा +१०’ असे झळकवायची गरज उरत नाही. याच्या उलटही करता येते. सुरुवातीपासून ‘अहो-जाहो’ करणारी एखादी दुकानदारीण, तुम्ही शब्द मोडल्यावर, एका वाक्यात अचानक ‘आलास परत?’ म्हणाली तर तो अपमान कोणत्याही दंडापेक्षा जिव्हारी लागतो. एखाद्या म्हातारीने ‘पोरा’वरून ‘माझ्या लेकरा’वर येणे किंवा बरोबरच्या शिपायाने आडनाव सोडून ‘दादा’ म्हणू लागणे, या पायऱ्या तुमच्या खेळणाऱ्याने लहानपणापासून ऐकलेल्या आहेत आणि त्या त्याला शिकवाव्या लागत नाहीत.

यात एक व्यावहारिक खाच आहे, ती आताच सांगून ठेवतो. नायक की नायिका हे तुम्ही खेळणाऱ्याला निवडू देत असाल तर मराठी क्रियापदामुळे संवादांची संख्या जवळजवळ दुप्पट होते. ‘कधी आलास’ आणि ‘कधी आलीस’ ही दोन वाक्ये आहेत. माझी युक्ती अशी की गावातल्या किरकोळ पात्रांना ‘कुठून येणं झालं?’ किंवा ‘कधी आलात?’ अशी दोघांनाही चालणारी वाक्ये द्यावीत आणि जिथे जवळीक किंवा तुच्छता दाखवायची आहे तिथेच ‘आलास-आलीस’चा खर्च करावा. जे दुर्मिळ असते ते कानाला लागते, त्यामुळे यात बचतही होते आणि परिणामही साधतो.

आता लेव्हलकडे येऊ, कारण तुम्ही सगळ्यात जास्त मेहनत तिथे घेतली आहे असे दिसते. लेव्हल वाढल्याचा आनंद आकड्यात नसतो, तुलनेत असतो. काल ज्याच्यापुढे पळालो त्याच्यापुढे आज उभा राहिलो, हे कळण्यासाठी कालचा तोच शत्रू तिथेच आणि तसाच असावा लागतो. २००६ साली आलेल्या ‘ऑब्लिव्हियन’वर लोकांनी सर्वांत जास्त टीका केली ती याच मुद्द्यावर. त्यात खेळणाऱ्याची लेव्हल वाढेल तसे जगातले शत्रूही वाढत जात, आणि पुढे पुढे रस्त्यावरचे साधे दरोडेखोर लाखमोलाची दुर्मिळ चिलखते घालून वाटसरूकडे थोडीशी नाणी मागताना दिसत. पगार दहा टक्के वाढला आणि महागाईही दहा टक्के वाढली, तर बढतीचे पेढे कोणी वाटत नाही. तो गेम इतर अनेक बाबतींत फार सुंदर होता, हेही सांगायला हवे; पण वाढीचा आनंद त्याने स्वतःच्या हाताने पुसला.

याच्या उलट २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये खेळणारा मोकळ्या मैदानात पाऊल टाकतो तोच समोरच्या वाटेवर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फेऱ्या मारताना दिसतो. बहुतेक जण त्याच्यावर धावून जातात आणि क्षणात मरतात. दोनतीनदा मेल्यावर लक्षात येते की याला वळसा घालून जाता येते. मग काही तासांनी, कधी काही दिवसांनी, माणूस मुद्दाम त्या वाटेवर परत येतो. तो घोडेस्वार बदललेला नसतो. बदललेला असतो तो खेळणारा, आणि त्यातही निम्मा बदल त्याच्या पात्राच्या आकड्यांत व निम्मा त्याच्या स्वतःच्या बोटांत झालेला असतो. तुमच्या गेममध्ये पहिल्या दहा मिनिटांत असा एक न पेलणारा शत्रू ठेवा, त्याच्यापासून पळून जाण्याची वाट स्पष्ट ठेवा, आणि कथा अशी वळवा की खेळणाऱ्याला पुढे एकदा तरी त्याच जागेवरून जावे लागेल. हे जमले तर ५० लेव्हलऐवजी १५ लेव्हलही भरपूर होतील, असे माझे मत आहे. पण हे तुमच्या गेमच्या लांबीवर अवलंबून आहे. साठ तासांच्या गेममध्ये १५ लेव्हल म्हणजे उपासमार होईल.

निवडींबद्दल लोक सर्वांत जास्त बोलतात आणि माझ्या मते सर्वांत जास्त गोंधळही तिथेच घालतात. चांगुलपणा आणि दुष्टपणा यांची पट्टी दाखवली की खेळणारा फक्त एकदाच निवड करतो: गेम सुरू करताना. ‘या वेळी मी चांगला होणार’ असे ठरवले की पुढच्या प्रत्येक प्रसंगात तो विचार न करता वरचा पर्याय दाबतो. रिचर्ड गॅरियट यांनी १९८५ साली ‘अल्टिमा ४’मध्ये हे फार शहाणपणाने हाताळले होते. त्या गेममध्ये शेवटी मारायचा कोणी महाखलनायक नाही. आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचे, हेच ध्येय आहे. हा शब्द आपल्याकडचा, आणि आज जगभर कोणाच्याही प्रोफाइलच्या चित्राला तो वापरतात तेव्हा मला थोडे हसू येते. तर त्या गेममध्ये जादूच्या जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई आहे. ती मालाची किंमत सांगते आणि किती पैसे देता ते तुम्हालाच सांगायला लावते. तुम्ही कमी दिले तरी तिला कळत नाही, माल मिळतो, पैसे वाचतात. गेम मात्र ते मोजून ठेवतो आणि सद्गुणांच्या वाटेवर तुम्ही का अडकला आहात हे तुम्हाला बऱ्याच उशिरा उमगते. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या तुटपुंज्या मेमरीत बसलेली ही युक्ती आजही शिकण्यासारखी आहे.

निवड चांगली जमली आहे की नाही हे तपासायला मी एक साधी कसोटी वापरतो. दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे भांडता येईल का, हे मी टीममधल्या दोघांना प्रत्यक्ष भांडायला लावून पाहतो. पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्ट रेडने २०१५ साली आणलेल्या ‘द विचर ३’मध्ये एका टेकडीवरच्या झाडाखाली कोंडलेला आत्मा आहे. त्याला सोडले तर काही अनाथ मुले वाचतात, पण एका दुसऱ्याच कुटुंबावर त्याची भयंकर किंमत पडते. त्याला मारले तर ते कुटुंब कसेबसे तगते आणि मुले जातात. हा परिणाम लगेच दिसत नाही, त्यामुळे जुना सेव्ह (आधी जपून ठेवलेला खेळाचा टप्पा) उघडून ‘बरोबर उत्तर’ शोधण्याचा मोहही कमी होतो. या प्रसंगावरून आमच्या ऑफिसात दोन माणसे एक आठवडा एकमेकांशी धड बोलत नव्हती. निवड जमली होती, असे मी म्हणेन.

तुमच्या प्रश्नातली एक ओळ मी दोनदा वाचली: ‘मित्र सारखे सेव्ह-लोड करतात, ते बंद करू का?’ बंद करू नका. आधी ते का करतात ते पाहा. माणूस सेव्ह उघडतो तेव्हा तो सांगत असतो की अपयशातून पुढे जायची वाट त्याला दिसलेली नाही. टेबलावर फासा वाईट पडला तर मी ‘जमले नाही’ एवढे सांगून कधीच थांबत नाही. कुलूप उघडले नाही, पण खटपट ऐकून आतून कोणीतरी ‘कोण आहे?’ असे विचारले, म्हणजे खेळ पुढे सरकला. २०१९ च्या ‘डिस्को एलिझियम’ने हे तत्त्व टोकाला नेले. त्यात नेहमीसारख्या मारामाऱ्या नाहीत. चोवीस कौशल्ये आहेत आणि दोन फाशांवर सगळा कारभार चालतो. काही प्रयत्न ते कौशल्य वाढवून पुन्हा करता येतात, काही आयुष्यात एकदाच. आणि त्यातली अपयशे इतकी मन लावून लिहिलेली आहेत की बऱ्याचदा यशापेक्षा तीच जास्त रंगतात. सुरुवातीच्याच खोलीत छताच्या पंख्याला अडकलेला टाय ओढताना, नायक फारच दुबळा निवडला असेल तर, तो हृदयविकाराने मरूही शकतो. तिथे खेळणारा चिडत नाही, हसतो, कारण इतका दुबळा माणूस निवडला हे गेमने ऐकले आणि त्याप्रमाणे उत्तर दिले.

फाशांचा विषय निघालाच आहे तर एक तांत्रिक गोष्ट जवळून दाखवतो. तुम्ही लिहिले आहे की ‘९० टक्के’ दाखवूनही वार चुकतो तेव्हा मित्र वैतागतात. गणिताने पाहता दहातला एक वार चुकणारच, पण माणसाचे मन ९० या आकड्याला ‘जवळजवळ नक्की’ असे वाचते. ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेत २००२ च्या भागापासून बरीच वर्षे एक चलाखी वापरली गेली: एका यादृच्छिक आकड्याऐवजी दोन घेऊन त्यांची सरासरी दाखवलेल्या टक्केवारीशी ताडून पाहिली जाई. सरासरी मध्याकडे झुकते, त्यामुळे दाखवलेले ९० टक्के प्रत्यक्षात सुमारे ९८ टक्के होतात आणि दाखवलेले १० टक्के सुमारे २ टक्के. ही लबाडी आहे का, यावर वाद घालता येईल. माझा कल असा की लढाईतल्या शेकडो वारांसाठी ती खुशाल वापरावी, पण ज्या एका क्षणावर कथेचे वळण अवलंबून आहे तिथे फासा खरा असावा आणि तो खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पडावा. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये महत्त्वाच्या संवादाच्या वेळी वीस बाजूंचा फासा पडदाभर गडगडत येतो, तो उगाच नाही. फासा दिसला की हरलेला माणूस नशिबाला बोल लावतो. फासा लपवला की तो तुम्हाला शिव्या घालतो.

बक्षिसांविषयी थोडक्यात. ‘डायब्लो ३’ २०१२ साली आला तेव्हा त्यात खऱ्या पैशांनीही शस्त्रे विकत घेता येतील असा लिलावबाजार होता. लुटीवरच उभ्या असलेल्या खेळात लूट बाजारात मिळू लागली, तेव्हा राक्षस मारून पेटी उघडण्यात अर्थ राहिला नाही, आणि १८ मार्च २०१४ रोजी तो बाजार कंपनीनेच बंद केला. तुमच्या १४० शस्त्रांपैकी कितींच्या मागे खेळणाऱ्याला सांगता येईल अशी हकिगत आहे? ‘हा कोयता त्या ऊसतोड कामगाराने दिला, मी त्याच्या मुलाला पुरातून काढले म्हणून’ असे ज्याच्याबद्दल म्हणता येते तो कोयता, आकड्याने कमी असला तरी, लोक शेवटपर्यंत विकत नाहीत. मी स्वतः एका गेममध्ये असले एक गंजके शस्त्र तीस तास पाठीवर वाहिले आहे.

तर तुमच्या गेमचे मी काय केले असते ते सांगतो. ३६ साइड क्वेस्टपैकी ‘दहा लांडगे मारून या’ या जातीच्या किती आहेत ते मोजून त्या सरळ काढून टाकल्या असत्या. तुमच्या वर्णनावरून वीस तरी असाव्यात. उरलेल्या प्रत्येक क्वेस्टसाठी एका कागदावर दोन रकाने आखले असते: खेळणारा यात काय वेगळे करू शकतो, आणि ते नंतर कोणाच्या लक्षात येते. दुसरा रकाना रिकामा राहिला तर ती क्वेस्ट अजून लिहून झालेली नाही असे समजतो. लक्षात येणारा माणूस राजाच असायला हवा असे नाही. चहाच्या टपरीवरचा पोऱ्या पुरतो. नकाशाही निम्मा केला असता, म्हणजे खेळणारा त्याच त्या माणसांना पुन्हा पुन्हा भेटेल. ज्याला एकदाच भेटायचे आहे तो तुमची आठवण ठेवून करणार काय? पाटील, दुकानदारीण, म्हातारी आणि तो पोऱ्या, एवढ्या चौघांवर पुढचे दोन महिने घाला, आणि नवे शस्त्र एकही काढू नका.

हे करूनही ते पुरेसे होईल याची हमी मी देत नाही. नियंत्रणे जड असतील, अक्षरे बारीक असतील किंवा पहिल्याच पडद्यावर चार पाने मजकूर असेल, तर लोक गावापर्यंत पोहोचणारच नाहीत, आणि हे मला तुमचा गेम पाहिल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी मित्रांना खेळायला बसवाल तेव्हा त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसा आणि तोंड बंद ठेवा. अडले तरी सांगू नका, ते फार जड जाते पण सांगू नका. खेळून झाल्यावर ‘मजा आली का’ असे विचारू नका, कारण मित्र ‘हो’च म्हणतात. ‘काय काय झाले ते सांग’ एवढेच विचारा आणि क्रियापदे ऐका. ‘मग तो हिरो जंगलात जातो, तिथे त्याला एक म्हातारी भेटते’ असे सांगितले तर त्याने तुमची गोष्ट पाहिली. ‘मी त्या म्हातारीला खोटे बोललो यार, आणि नंतर ती मला विहिरीपाशी भेटली’ असे कोणी म्हणाला, तर तो नेमका कुठल्या प्रसंगाला ‘तो’वरून ‘मी’वर आला ते लगेच लिहून ठेवा आणि पुढचे काम त्या प्रसंगाच्या आसपास सुरू करा. तो प्रसंग कोणता निघाला ते मलाही कळवा. पाटलाचा निघेल असे मला वाटते, पण माझे असले अंदाज बऱ्याचदा चुकतात.